मृग बहारातला शिवणवर्ग

फेब्रुवारी लागला की आमच्या शाळेच्या फाटकासमोर संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात आणि माझ्या टेबलावर दहावीचे कागद येऊन पडतात. दोन्ही एकाच आठवड्यात. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलून आता उतरणारं, संत्रं सोलताना बोटांना जो तेलकट वास लागतो तो संध्याकाळपर्यंत साबणाला दाद देत नाही. त्याच बोटांनी मी प्रवेशपत्रं तपासते, जादा वेळेचे अर्ज जोडते, कोणाचा फोटो फिका आला ते बाजूला काढते. त्यामुळे माझ्यापुरता दहावीच्या परीक्षेला संत्र्याचा वास आहे. यंदाही आहे. आणि तो आला की मला बाकी सगळी वर्षं सोडून एकच फेब्रुवारी आठवतो, ज्यात मी एका बाईवर जळत होते.

अमरावतीतली आमची शाळा निवासी, मुलींची, आणि मुली सगळ्या कर्णबधिर. मी तिथली विशेष शिक्षिका. त्या वर्षी मला तिथे एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती. वेळापत्रक माझं, परीक्षा माझ्या, सहलीला पाण्याच्या बाटल्या किती न्यायच्या हेही माझं. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, गमतीनं म्हणायचे, "मॅडम, तुमची वही हरवली तं शाळा बंद ठेवा लागन." मला ते ऐकायला आवडायचं.

त्या वहीत प्रत्येक मुलीचं एक पान होतं. पानावर तिला आवाज काढून म्हणता येणारे शब्द. आमची पद्धत बोलून शिकवण्याची. भिंतीवर मोठा आरसा, आरशासमोर मी आणि मुलगी शेजारी शेजारी, तोंडापुढे कागदाची पट्टी. 'प' म्हटलं की पट्टी हलली पाहिजे. 'ब'ला पट्टी हलून भागत नाही, गळ्यावर ठेवलेल्या बोटांना कंप लागला पाहिजे. एकेका अक्षराला आठवडे जायचे. आणि या सगळ्या काळात हात खाली. हातांना मोकळं सोडलं की तोंड आळशी होतं, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि मी सांगितलेलं पाळणारी. माझ्या वर्गात मुली बाकावर स्वतःचे तळहात मांडीखाली दाबून बसायच्या. कोणाचा हात सुटून वर आला की मी दोन्ही तळवे हवेत खाली दाबून दाखवायची. ओरडायची गरजच नाही.

गौरी माझ्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. शेंदूरजनाघाटची. तिचे वडील तिथल्या संत्रा मंडीत फळांची प्रतवारी करतात. हातात घेतलं की कोणतं कोणत्या ढिगात जाणार हे त्यांना बघावं लागत नाही. गौरीचा पहिला शब्द 'बाई'. तिचा हात माझ्या गळ्यावर, माझा तिच्या, आणि एका दुपारी तो कंप आला. जाडाभरडा, अर्धा नाकातून, पण आला. मी वहीत लाल शाईनं तारीख टाकली. त्यानंतर नऊ वर्षं ती मला हाक मारायची ती आवाजानं. साऱ्या शाळेत मला आवाजानं हाक मारणारी ती एकटी. ही गोष्ट मी कोणाला बोलून दाखवली नाही, पण ती माझी होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर रजनी आली. अकोल्याची, सव्वीस वर्षांची, मानधनावर शिवणकाम शिकवायला. स्वतः कर्णबधिर, आई-वडीलही कर्णबधिर, अकोल्यात दोघांचं शिलाईचं दुकान. म्हणजे पाळण्यात असल्यापासून तिच्याशी हातांनीच बोललं गेलेलं. दहावी पास. बाकी शिक्षणाच्या रकान्यात काही नाही. तिचा अर्ज मीच फाइलला लावला होता, आणि तो रकाना पाहून मला थोडं बरंही वाटलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शिवणाची खोली स्वयंपाकघराच्या शेजारी, पाच मशीन आणि एक लांब कापणीचं टेबल. रजनीनं पहिल्या दिवशी मशीन हलवली. रांगेत होती ती गोलात आणली, सगळ्यांची तोंडं एकमेकींकडे. पडदे काढून टाकले. काही सांगायचं असलं की ती दिवा दोनदा मालवून लावायची, किंवा फरशीवर पाय आपटायची. तो धक्का मशीनच्या पायांतून मुलींच्या पायांत जायचा आणि बारा माना एकदम वर. मी वर्गात कधी बारा माना एकदम वर आणू शकले नव्हते. दोन जणी खांद्याला हात लावून उठवाव्याच लागायच्या.

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून जायची तर ती खोली मला बाहेरून दिसायची. कापड तसंच पडलेलं आणि हात चाललेले. एक मुलगी काहीतरी सांगतेय, चेहरा लांब करून कोणाची तरी नक्कल करतेय, दुसरी तिला अडवून दुरुस्त करतेय, तिसरी हसून हसून टेबलाला टेकलीय. ज्यांच्या पानावर मी 'शांत, मितभाषी' असं लिहिलं होतं त्या मुली. गौरी तर थांबतच नव्हती. तिच्या हातांत इतकं काय साठलं होतं देव जाणे. मी दारात गेले की हात मंदावायचे. थांबायचे नाहीत, मंदावायचे. पाहुणे आले की घरातलं बोलणं मंदावतं तसे.

आमच्या स्वयंपाकीण कमलमावशी दारात तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "बाई, उभ्या काऊन? जा ना आत."

"मला कामं आहेत मावशी."

"हो, कामं तं दिसूनच राह्यले. रोज याच टायमाले याच खिडकीपाशी असते तुमचं काम." मग ताट खाली ठेवून म्हणाल्या, "जळून राह्यल्या काय?"

मी म्हटलं, "कशाला जळू?"

"मले वाटलं बा. मी तं बारा वर्सापासून या पोट्ट्यायले वाढून राह्यली, थोडं थोडं येते मले बी त्याहिचं. तुमचं नाव बी येते." आणि त्यांनी दोन्ही तळवे हवेत धरून खाली दाबले.

कर्णबधिरांमध्ये माणसाचं नाव असं एका खुणेनं ठेवतात. कोणाच्या गालावरच्या तिळावरून, कोणाच्या चालीवरून. नाव ठेवायचं ते त्यांनीच, आपण मागून मिळत नाही. मावशींचं नाव पोळी लाटल्यासारखं. मोठ्या सरांचं मिशी. आणि माझं हे. एकोणीस वर्षं, मोठ्या मुलींकडून धाकट्या मुलींकडे चालत आलेलं. रजनीला येऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि तिचं नाव होतं फूल उमलल्यासारखी बोटं.

मत्सराबद्दल लोक म्हणतात की तो आंधळा असतो. माझा अनुभव उलट आहे. माझ्याइतकं नीट त्या खोलीकडे कोणी पाहिलं नसेल. कोणती मुलगी किती वेळ तिथे बसते, जेवणाची घंटा म्हणून दिवा लागला तरी कोण रेंगाळते, निघताना कोण तिच्या ओढणीला हात पुसते, सगळं मला पाठ होतं. रजनी गोरी आहे, तिचे दात सरळ आहेत, ती तोंडाच्या एका कडेला टाचण्या धरून एकाच हातानं अख्खी गोष्ट सांगू शकते, हेही.

जानेवारीच्या शेवटी पूर्वपरीक्षा झाली. विज्ञानाच्या पेपरात गौरीनं बाष्पीभवनाची व्याख्या लिहिली होती, पुस्तकातली, एकही काना-मात्रा इकडेतिकडे नाही. दोन प्रश्न पुढे विचारलं होतं, ओले कपडे उन्हात लवकर का वाळतात. ती जागा कोरी. 'बाष्पीभवन' हा शब्द तिच्या तोंडून काढायला मला पंधरा दिवस लागले होते. मोठ्या सरांना म्हटलं, पाठांतर कमी पडतंय, वाढवते.

तोच पेपर घेऊन गौरी शिवणाच्या खोलीत गेली. मी खिडकीत होतेच. रजनीनं एक फडकं ओलं केलं, इस्त्रीच्या टेबलावर पसरलं, त्यावर गरम इस्त्री फिरवली. वाफ निघाली. तिनं गौरीचा तळहात त्या वाफेवर धरला, मग स्वतःच्या बोटांनी ती वाफ वर नेली, वर वर, बोटं एकमेकांपासून सुटत सुटत शेवटी नाहीशी झाली. गौरीनं ते तसंच करून दाखवलं. मग ती थांबली, दोरीवरच्या गणवेशांकडे बोट दाखवलं, उन्हाकडे दाखवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या विज्ञानाच्या वहीत लिहून आणलं, "कापड ओला. ऊन गरम. पाणी वर जातो. दिसत नाही." नऊ वर्षांत स्वतःहून लिहिलेली तिची ती पहिली वाक्यं. मी लाल शाईनं 'ओला'चं 'ओलं' केलं, 'जातो'चं 'जातं' केलं, आणि वही परत दिली.

त्या संध्याकाळी मी परीक्षेपर्यंतचं नवं वेळापत्रक केलं. त्यात शिवणवर्ग नव्हता. सकाळी पाठांतर, दुपारी पाठांतर, संध्याकाळी मागच्या प्रश्नपत्रिका. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिलाई काऊन काढली? पोरीयले जरा मोकळीक नको?"

"सर, दहावी आहे. नंतर शिवायचंच आहे आयुष्यभर."

त्यांनी सही केली. मी केलेल्या कागदावर ते कधी अडून बसत नसत. इतकं साधं होतं ते. मी कोणाला ओरडले नाही, कोणाविरुद्ध एक शब्द बोलले नाही. फक्त एक रकाना काढला.

पहिल्या दिवशी गौरी माझ्यासमोर बाकावर येऊन बसली. तिनं दोन्ही तळहात मांडीखाली घातले, मी लहानपणी शिकवलं होतं तसे, अगदी व्यवस्थित. आणि ओठ मिटले. मी पट्टी धरली, ती पट्टीकडे पाहत राहिली. मी आरसा दाखवला, तिनं आरशात माझ्याकडे पाहिलं. हुं नाही की चूं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. 'बाई'सुद्धा नाही. आठवडाभर मी एका गप्प मुलीला पाठांतर देत राहिले, आणि पलीकडे रजनी एकटी बसून वसतिगृहाच्या उशांना अभ्रे शिवत राहिली.

शनिवारी गौरीचे वडील आले. एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्यात मोबाइल. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "बाई, मले एक सांगा. पोरगी व्हिडिओ कॉलवर पेन धरल्यावानी करते अन् मंग फेकल्यावानी करते. रोज तेच. एवढं मले बी समजते. परीक्षेले बसत नाही म्हंते. काऊन?"

मी गौरीला बोलावलं. तिच्यासमोर वाकून, ओठ रुंद हलवून विचारलं, "परीक्षा... का... नाही?" तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, मग वडिलांच्या पिशवीकडे. मी पुन्हा विचारलं. वडील आळीपाळीनं आम्हा दोघींकडे पाहत होते.

"तुमाले बी नाही सांगत?" ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. खरंच आश्चर्य होतं. "तुमी तं नऊ वर्सापासून तिच्यासोबत आहा. मी आपला महिन्यातून एकदा येनारा मानूस."

माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. मी दोघांना घेऊन शिवणाच्या खोलीत गेले. रजनी इस्त्री करत होती. मी चिठ्ठी लिहिली, "गौरी परीक्षेला का बसत नाही, विचाराल का?" तिनं चिठ्ठी वाचली, इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, आणि गौरीकडे पाहून भुवया वर केल्या. बस, एवढंच. गौरीचे हात मांडीखालून नव्हे, जणू पाण्याखालून वर आले.

त्या दोघी बोलत होत्या तोवर मी आणि तिचे वडील भिंतीशी उभे होतो, परगावच्या कचेरीत उभी राहतात तशी दोन माणसं. मग रजनीनं कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि टेबलावर लिहिलं. तिचं लिहिणं असं, प्रत्ययांशिवाय. "गौरी राग नाही. गौरी घाबरते. पेपर शब्द पाठ. अर्थ नाही. अर्थ इथे मिळतो. इथे बंद."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं?" रजनीनं ते माझ्या ओठांवरून वाचलं आणि गौरीला विचारलं. गौरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रागाची तयारी केली होती; ते रागाचं पाहणं नव्हतं. तिनं चार-दोन खुणांत उत्तर दिलं. रजनीचा खडू टेबलावर टेकून तसाच राहिला. "लिहा," मी म्हटलं.

तिनं लिहिलं. गौरीच्या वडिलांनी एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचलं, "बाई समजत नाही. बाई जवळ सोपं बोलायचं. सगळ्या मुली ठरलं." वाचून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. "पोरगी आहे बाई," ते फरशीकडे पाहत म्हणाले, "मनावर नोका घेऊ."

एकोणीस वर्षं मी त्यांच्याशी छाटून बोलत आले होते. पाणी पी. पुस्तक काढ. रांग कर. त्यांना एवढंच पेलतं अशी माझी समजूत. आणि त्याही माझ्याशी छाटून बोलत होत्या. पाणी. डोकं दुखतं. घर. मला एवढंच पेलतं म्हणून. माझी काळजी घेत होत्या त्या, आपसात ठरवून, आणि नव्यानं आलेल्या मुलींनाही तसं सांगत होत्या. वहीतली माझी सगळी पानं म्हणजे त्यांनी माझ्यासाठी सोपं करून दिलेलं होतं.

सोमवारी शिवणवर्ग उघडला. मोठेपणा वगैरे काही नाही. परीक्षेला बारा दिवस होते आणि मुलगी पेन फेकत होती. मी रकाना परत घातला, त्यात 'विज्ञान आणि इतिहास' लिहिलं, आणि स्वतः मागच्या स्टुलावर जाऊन बसले. रजनीला पुस्तकातलं काही अडलं की मी सोपं करून फळ्यावर लिहायची, ती ते हातांत घ्यायची. कधी तिला मी सांगितलेलं चुकीचं कळायचं, कधी मलाच पुस्तकातलं नीट कळलेलं नसायचं. शेवटच्या तासाला मुली मला शिकवायच्या. माझे हात पस्तिशीनंतर पोहायला उतरलेल्या माणसासारखे. मावशी पळी घेऊन दारात यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, तुमचे हात बोबडे बोलून राह्यले." रजनी ते त्यांच्या ओठांवरून वाचून मुलींना सांगायची आणि खोलीत हशा व्हायचा. त्यापुढचं बोलणं न कळता मी मान डोलवायची. मुली वर्गात माझ्यासमोर अशीच मान डोलवायच्या, ते मी ओळखलं. आणि या सगळ्यात जळणं कमी झालं का, तर नाही. आता मी जवळून पाहत होते, एवढंच.

आज रजनीची खुर्ची शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी आहे. बाकावर हात वर असतात. मला आता बऱ्यापैकी येतं, म्हणजे समोरची माझ्यासाठी हळू करते तेव्हा. अजूनही मैदान ओलांडून एखादी मुलगी धावत येते, तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकून मागे रजनीला शोधते, तेव्हा छातीत बारीक काहीतरी टोचतं. मी त्याला आता पाठांतराचं कारण देत नाही. जळणं आहे, ते जळणं म्हणून बाजूला ठेवते आणि कामाला लागते.

गौरी परीक्षेला बसली. विज्ञानाच्या पेपरचा दिवस. केंद्र कॅम्प भागातल्या एका शाळेत, बाहेर पालकांची गर्दी, रस्त्याच्या कडेला कडुनिंब. मी आणि रजनी झाडाखाली उभ्या होतो. माझ्या पिशवीत पाणी, जादा पेन, ग्लुकोजचा पुडा. रजनीचे हात रिकामे. जादा वेळ असलेल्या मुली शेवटी सुटतात, त्यामुळे गर्दी ओसरल्यावर गौरी बाहेर आली. तिनं आम्हा दोघींना पाहिलं आणि सरळ रजनीसमोर जाऊन उभी राहिली.

मी पाण्याची बाटली धरून बाजूला थांबले. तिचे हात इतके भराभर चालत होते की मला तीनात एक खूण मिळत होती. वाफ दिसली. बाकीचं निसटलं. त्या दोघी तीनदा हसल्या, मी मोजलं. एका ठिकाणी रजनीनं तिचं मनगटच धरलं, इतकं काही आवडलं तिला. पाच मिनिटं झाली असतील. मग गौरी माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता अंगठा वर करेल, 'पेपर छान' म्हणेल आणि पाणी मागेल. तिनं बाटली माझ्या हातातून घेतली, खाली मातीत ठेवली, आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

सगळा पेपर सांगितला तिनं. हळू, पण काही न गाळता. कोणता प्रश्न आधी सोडवला, कोणता कठीण होता, पर्यवेक्षक बाई खुर्चीत कशा पेंगत होत्या. ज्या ठिकाणी रजनी हसली होती तो भाग आला तेव्हा मला तो कळला नाही. माझी मान आपोआप डोलायला लागली होती. मी ती थांबवली आणि म्हटलं, हातांनी, बोबड्या हातांनी, की कळलं नाही, परत सांग. तिनं परत सांगितलं. तेव्हाही कळलं नाही. ती एक पाऊल पुढे आली आणि तिसऱ्यांदा सांगायला लागली.

आमची ऑटो रस्त्यापलीकडे उभी होती आणि ऑटोवाला एकसारखा हॉर्न वाजवत होता. आम्हा तिघींत तो एकट्या मलाच ऐकू येत होता. मी वळून पाहिलं नाही.